रामदासपेठेतली पंगत

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे मी आधीच कबूल करते. त्या दुपारी मी तो भर हॉटेलात, कडक इस्त्रीच्या टेबलक्लॉथसमोर, माझ्या बापावर काढला. चूक माझी होती. आज इतक्या वर्षांनी आठवलं तरी कान गरम होतात.

लग्नाला दोन वर्षं झाली होती. मी पारशिवनीकडच्या शेतकऱ्याची मुलगी. नागपुरात शाळेत शिकवायला लागले आणि तिथल्याच एका शिक्षकाशी लग्न केलं. त्याच्या घरच्यांनी छप्पन साली नागपुरातच बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. एवढं एक वाक्य आमच्या गावाला पुरलं. बाबा भांडले नाहीत, बोल लावला नाही. लग्नाला आले नाहीत आणि नंतर घरीही आले नाहीत. मिरची घेऊन इतवारीत आले की बाजार आटोपून शाळेच्या फाटकाशी उभे राहायचे, आईने दिलेली पिशवी माझ्या हातात द्यायचे. पिशवीत तूरडाळ, तिखट, कधी कुरड्या.

"बरी हायेस ना?"

"हो."

"येतो मंग."

की निघाले बसस्टँडकडे. मी पिशवी घेऊन वर्गात जायची आणि त्या दिवशी पोरांना उगाच ओरडा बसायचा.

ते घरी का येत नाहीत, हे मला न सांगता कळत होतं. घरी आलं की जेवावं लागतं, आणि जेवायचं म्हणजे जावयाच्या शेजारी बसावं लागतं. बाबांच्या लेखी जेवायला बसणं ही साधी गोष्ट नव्हती. गावात लग्न असो की तेरवी, पंगतीचा सगळा कारभार त्यांच्याकडे. शेवटच्या पत्रावळीवर भात पडेपर्यंत कुणाला घास उचलू द्यायचे नाहीत, आणि शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कुणाला उठू द्यायचे नाहीत. मात्र त्या पंगतीत माझ्या नवऱ्याच्या समाजातल्या माणसांना जागा नसायची. लहानपणी मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, हेही सांगून टाकते.

हॉटेलची कल्पना नवऱ्याची. तो म्हणाला, "घरी नाही येत ना? बाहेर जेवू. हॉटेल कोणाचंच घर नसते."

आम्ही तेव्हा रामदासपेठेत एका डॉक्टरांच्या बंगल्यामागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. पुढे गुलमोहर, पोर्चमध्ये मोटार, आणि मागे आमचा स्टोव्ह. पत्ता सांगितला की लोकांना आम्ही मोठे वाटायचो. कोपऱ्यावर नुकतंच एक हॉटेल उघडलं होतं. काळ्या काचा, दारात कुंड्या, आत थंडगार कुलर. रोज सायकलवरून त्याच्यासमोरून जायचो, आत मात्र कधी पाऊल टाकलं नव्हतं.

फाटकाशी मी बाबांना विचारलं. ते बराच वेळ चपलेच्या टोकाने माती उकरत राहिले.

"दोनची गाडी हाय मायी. त्याच्या आधी होत असन त येतो."

मी मनाशी ठरवून टाकलं होतं. त्या दिवशी हे दोघं एका टेबलावर जेवले तर पुढचं पुढे बघू. नाही जेवले, तर फाटकावरची पिशवी यापुढे घ्यायची नाही. आईची असली तरी नाही.

ठरल्या दिवशी बाबा धुतलेलं धोतर नेसून आले. दारातच त्यांनी विचारलं, "हातपाय धुवाले पाणी कुठं हाय?" एक म्हातारासा वेटर होता, त्याने न हसता बेसिन दाखवलं. त्या माणसाचं मी अजून भलं चिंतते. मग बाबा खुर्चीच्या कडेवर, माझ्या बाजूला बसले. समोर माझा नवरा. तो "नमस्कार मामाजी" म्हणाला. बाबांनी हात जोडले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "ऊन लय हाय आज." सगळं बोलणं माझ्यामार्फत चालू झालं. मामाजी काय खातात, विचार. त्याइले सांग, काईबी चालते. एका टेबलावर बसून दोन माणसं मला टपाल पेटीसारखी वापरत होती.

जेवण आलं. मटर-पनीर, डाळ, तंदुरी रोट्या, पुलाव. वेटरने तिघांना वाढलं. मी "करा सुरू" म्हटलं.

बाबांनी ताटाला हात लावला नाही.

हात मांडीवर, नजर ताटाच्या पलीकडे कुठेतरी. नवऱ्याने रोटीचा तुकडा तोडला होता, तो त्याने हळूच परत ठेवला. मी वाट पाहिली. पनीरवरची वाफ कमी होत गेली. मला वाटलं, इथपर्यंत आले, हातपाय धुतले, आणि शेवटी घास काही याच्यासमोर उचलता येत नाही यांना. दोन वर्षं फाटकाशी गिळलेलं सगळं एकदम वर आलं.

"नसन जेवाचं त सांगून टाका, बाबा," मी म्हणाले, आणि आवाज मला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. "आमच्यासोबत बसून तोंडात घास जात नसन त उठा. कायले हा तमाशा? तुमची गाडी हाय ना दोनची?"

आजूबाजूचे चमचे थांबले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा खरोखरच गोंधळलेला होता.

"काहून चिडून राहिली वं माय? त्याइच्या पानात अजून काहीच नाई पडलं ना."

त्यांनी हनुवटीने शेजारचं टेबल दाखवलं. तिथे एक जोडपं आणि दोन लहान पोरं रिकाम्या ताटांसमोर बसली होती. आमच्या आधी आलेली. धाकटी आमच्या पुलावाकडे टक लावून पाहत होती.

"लेकरू पाहून राहिलं," बाबा म्हणाले. "कसं जेवाचं?"

इथे ज्याचं त्याने मागवायचं असतं, ज्याचं आधी येईल त्याने आधी खायचं असतं, हे या माणसाला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी हॉल पाहिला, टेबलं पाहिली, आणि ही सगळी एकच पंगत धरली. आणि त्या पंगतीत माझा नवरा त्यांच्या समोर बसला होता.

नवरा उठला. आतल्या दाराशी जाऊन वेटरशी बोलला, परत आला. "पाच मिनटं लागन म्हणते, मामाजी," तो म्हणाला. खुर्चीवर बसला आणि त्यानेही हात मांडीवर ठेवले. बाबांनी त्याच्याकडे त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. आम्ही तिघं निवत चाललेल्या जेवणासमोर बसून राहिलो. पाचाची दहा मिनिटं झाली. मला रडू येत होतं आणि हसूही.

शेवटी शेजारी वाढलं गेलं. बाबांनी पोरीच्या ताटात भात पडलेला पाहिला आणि गावातल्या आवाजात हाक दिली, "हं, होऊ द्या सावकाश!" सगळा हॉल वळून बघायला लागला. शेजारचे गृहस्थ आधी दचकले, मग त्यांनीही मान लववली. एरवी मी शरमेने टेबलाखाली गेले असते.

बाबा जेवले. "मिरची आपल्याकडची नाई ही, नुसता रंग हाय," एवढीच तक्रार. त्यांचं जेवण झपाट्याचं, शेतावरचं. माझा नवरा एकेक घास मोजल्यासारखा चावतो. घरी मी त्यावरून त्याला छळते. बाबांचं ताट स्वच्छ झालं तेव्हा त्याची दुसरी रोटी अर्धी बाकी होती. भिंतीवरच्या घड्याळात दीड वाजून गेला होता. मी बाबांना घड्याळ दाखवलं. त्यांनी ते पाहिलं आणि बसून राहिले. उजवा हात ताटावर तसाच, बोटांवर डाळ वाळत चाललेली.

वेटर ताट उचलायला आला. बाबांनी डावा हात आडवा धरला.

"राहू द्या. जवाईबापू जेवून राहिले ना अजून."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. दोन वर्षांत बाबांच्या तोंडून त्याच्यासाठी कुठलंच नाव निघालं नव्हतं. त्याने मान खाली घातली, पाणी प्यायला, आणि वेटरला म्हणाला, "एक रोटी अजून आणा." त्याला भूक नव्हती. पोट भरलं की तो उजवा कान खाजवतो, आणि तो केव्हाच खाजवून झाला होता. ती रोटी त्याने इतकी सावकाश खाल्ली की मी टेबलाखाली त्याच्या पायावर पाय दिला. बाबा हललेसुद्धा नाहीत.

दोनची गाडी गेली. त्यानंतरची पाचला होती.

बाहेर रणरणतं ऊन होतं. बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा डोक्यावर घेतला, रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं, आणि या वेळी मला मध्ये न घेता सरळ माझ्या नवऱ्याला विचारलं, "घर कोणत्या बाजूनं हाय तुमचं?"