ओळंबा पूर्वेला अडकला

माझे दाजी अरोक्यदास कोलारच्या सोन्याच्या खाणीत बावीस वर्षं शाफ्टवर होते. माणसं खाली-वर नेणाऱ्या पिंजऱ्यात उभं राहून त्या खोल विहिरीच्या भिंती आणि तुळया तपासायच्या, हे त्यांचं काम. एकदा मोजणी चालू असताना त्यांच्या हातून दोरीला टांगायचा पितळी ओळंबा निसटला. तळाशी माणसं शोधून दमली, ओळंबा नाहीच. मोजणीचे शेषगिरी साहेब शिकलेसवरलेले, बी.एस्सी. त्यांनी सरळ सांगितलं, "विकलास तू!"

आता गेटवर आमची कपडे उतरवून झडती होते. एवढं पितळ दाजींनी काय गिळून नेलं? पण ऐकतो कोण!

"साहेब, तो तळाला गेलाच नाही," दाजी म्हणाले. "पूर्वेच्या तुळयांवर बघा. रिव्हेट, विड्यांची डबी, पडलेलं सगळं मला तिकडंच सापडतं."

"का रे, पूर्वेला सासुरवाडी आहे त्यांची? वस्तू सरळ खाली पडते."

"एकदा पिंजरा हळू सोडा, दाखवतो."

"तुझ्यासाठी खाण बंद ठेवू?"

दाजींना दिव्यांच्या खोलीत बसवलं, काचा पुसायला. दर महिन्याला ते 'पूर्वेला बघा' म्हणत साहेबांकडे जायचे आणि हसं करून घेऊन परत यायचे. मी वैतागून म्हणालो, "दाजी, पुरे करा ना आता!"

"कसं पुरे करू, सवरी? चोराची पोरगी म्हणून लिलीला बघायला आलेले कॉफी न पिता उठून गेले."

चार वर्षांनी तुळया बदलायला काढल्या. अडीच हजार फुटांवर, पूर्वेच्या तुळईवर, ओळंबा बसलेला! साहेबांनी दाजींना बोलावलं. मीही मागोमाग गेलो. वाटलं, आता तरी चुकलो म्हणतील.

साहेबांनी कागदावर गोल काढला. "हे बघ, दास. पृथ्वी पूर्वेकडे फिरते. शाफ्टचं तोंड तिच्या मध्यापासून तळापेक्षा लांब, म्हणून ते जास्त वेगानं फिरतं. पडणारी वस्तू तोच वेग घेऊन पडते, आणि पूर्वेच्या भिंतीला धडकते. विज्ञान आहे हे. तुला नाही कळायचं."

माझं डोकंच फिरलं. दाजींनी मात्र त्या गोलावर बोट ठेवलं.

"चार वर्षांपूर्वी फिरत नव्हती का ती, साहेब?"

साहेबांनी ओळंबा खणात ठेवला. "बरं, बरं. उद्यापासून शाफ्टवर ये."

दाजींच्या नोकरीचे नऊ दिवस उरले होते. नऊही दिवस ते खाली उतरले. चोर म्हटल्याची माफी मात्र अजून कुठल्या तुळईवर अडकलीय, देव जाणे.