सात नंबरची प्रत

परळला, जुन्या गिरणीच्या जागेवर झालेल्या टॉवरमध्ये माझं ऑफिस आहे. प्रदर्शनाआधी सिनेमाच्या प्रती ज्यांना कामासाठी जातात, त्या प्रत्येकाच्या प्रतीत आम्ही वेगळी खूण लपवतो. एखादं दृश्य किंचित उजळ, एखादं किंचित काळपट. डोळ्यांना कळत नाही. उजळ म्हणजे एक, काळपट म्हणजे शून्य. चोरून फिरणारी प्रत हाती आली की हे शून्य-एक जुळवायचे, कोणाची प्रत फुटली ते कळतं. दोघांनी आपापल्या प्रतींची भेसळ केली, तरी गणित एकाला तरी धरतंच. मला या गणिताचा माज होता.

एक दिवस अशीच एक फुटलेली प्रत आली आणि गणिताने सात नंबर सांगितला. सात नंबर म्हणजे लालबागच्या आमच्या चाळीतला, समोरच्या खोलीतला दादा. तो घरी बसून सबटायटल्स लिहायचा. मला बीजगणित त्यानेच शिकवलेलं, गॅलरीत बसवून, कान पिरगाळून. मी तीनदा तपासलं. तिन्ही वेळा सातच. मला काहीच वाटलं नाही. चहा प्यायले आणि घरी निघाले.

अहवाल पाठवण्याआधी त्याला गाठलं.

"आईला थेटरात नेता येत नाय, म्हणून पेनड्राइव्हवर घेऊन टीव्हीवर लावला," तो म्हणाला. "मग मजलाच जमला. दार लावून सिनेमा बघायचा काय गो, आपल्या चाळीत?"

"आणि पेनड्राइव्ह?"

"टीव्हीलाच राहिला. एकाने नेला, दुसऱ्या दिवशी परत आणून दिला."

"कोणी?"

"ते नाय सांगणार."

"अरे, तुझं काम जाईल. परत कोणी देणार नाही."

"त्याच्या पोरीचं लग्न ठरलंय. पोलीस दारात आले तर?" मग त्याने माझ्या हातातला अहवालाचा कागद घेतला, पूर्वी वही तपासायचा तसा वरपासून खालपर्यंत वाचला. "उत्तर बरोबर आहे तुझं. पाठव."

मी पाठवलं. अहवालात प्रतीच्या नंबराला जागा असते, उघड्या दाराला नसते. त्याचं काम त्याच आठवड्यात बंद झालं.

त्याच्या आईची, काकूंची, एक वाटी आमच्याकडे होती. सोलकढी आली होती तिच्यातून. आमच्याकडे वाटी रिकामी परत करत नाहीत, म्हणून रविवारी सकाळी शिरा घालून गेले. काकू दारातच बसल्या होत्या. मला बघितलं, भिंतीला धरून उठल्या आणि दार लावून आतून कडी घातली. एवढ्या वर्षांत ते दार दिवसा लागलेलं मी पाहिलं नव्हतं.

वाटी अजून माझ्याकडेच आहे.