आईच्या छतावरचा भोंगा

दादाने लातूरच्या घरात मधल्या खोलीच्या छताला एक पांढरी डबी चिकटवली, तेव्हा आई खाली कंबरेवर हात ठेवून उभी होती.

"हे काय करतं रे?"

"धूर झाला की ओरडतं. इथंही ओरडतं आणि पुण्यात माझ्या मोबाईलवरही."

"म्हंजे चुगलखोर हाय," आई म्हणाली.

चुगली करण्यासारखं एकदा घडलं होतं, हे खरं. गॅसवर दूध ठेवून आई समोरच्या घरी गेली, गप्पा रंगल्या, आणि पातेलं असं जळालं की भंगारवाल्यानेही ते दोनदा उलटसुलट करून पाहिलं. बाबा गेल्यापासून आई एकटीच राहते. दादा म्हणतो, पुण्याला चल. आई म्हणते, तिथं मी कोणाच्या दारात जाऊन बसू? डबी ही दोघांमधली तडजोड होती.

दसऱ्यापर्यंत डबी शहाण्यासारखी गप्प बसली. मग वाजायला लागली. पुण्यात मोबाईल किंचाळायचा, दादा मीटिंग सोडून समोरच्या आडतवाल्या काकांना फोन करायचा आणि काका बादली घेऊन धावत यायचे. पहिल्या वेळी तर त्यांनी आधी बादली ओतली आणि मग चौकशी केली.

"वहिनी, आग कुठं हाय?"

"कुठंच न्हाई, भाऊजी."

"मग म्या पाणी कशावर टाकलं?"

"माझ्या गादीवर."

असं चार वेळा झालं. चारही वेळा आई शपथेवर सांगत होती, गॅस लावलाच नव्हता. दादाला धास्ती बसली ती याचीच. भाजी करपली म्हणाली असती तर तो हसला असता. पण गॅस लावायचा, विसरायचा आणि वर लावलाच नाही म्हणायचं, म्हणजे आईचं वय झालं, असा निकाल त्याने लावून टाकला. फर्मान निघालं : आता एकदा जरी वाजलं, तरी गाडी घेऊन येतो. आई पुण्याला.

त्या शनिवारी आईचा मला नांदेडला फोन आला. आवाज एवढा हळू, जणू डबी ऐकत होती.

"लावला असंल का गं म्या गॅस? अन् इसरले असंल?"

माझ्या लग्नात कोणत्या मावशीने आहेरात किती हलकं पातळ दिलं, हे माझी आई आजही काठासकट सांगते. आणि तिला स्वतःच्या डोक्याची शंका! मी दुसऱ्या दिवशी सकाळचीच एसटी पकडली.

रविवारी मी घराची प्रयोगशाळा करून टाकली. तव्यावर हिरव्या मिरच्या भाजल्या. मायलेकी खोकून खोकून लाल झालो, धूर मात्र खिडकीतून निघून गेला. देवापुढे ऊद जाळला, न्हाणीघरात कढत पाण्याची वाफ केली. डबी ढिम्म. शेवटी दादाकडून आधीच्या चार वेळांच्या तारखा मागवल्या आणि कॅलेंडरवर बोट ठेवत गेले. सोमवार, सोमवार, सोमवार, सोमवार. आणि चारही वेळा सकाळीच.

सोमवारी आईचा उपवास असतो. दिवेलागणीपर्यंत आमच्या घरात गॅसच पेटत नाही!

"आई, तू विसरली नाहीस. गॅस लावलाच नव्हतास."

आई खाटेवर बसली. "म्हंजे माझं डोकं जाग्यावर हाय?"

"तुझं आहे. डबीचं नाही."

सोमवारी सकाळी मी काकांच्या घरून आणलेला चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात पहारा धरला. आई अंघोळ करून आली, पूजेला बसली. तीन बोटांनी कपाळाला विभूती लावली, दंडांना लावली. मग मिक्सरला लावली. मग गॅसच्या शेगडीला. आणि मग मधल्या खोलीत येऊन कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, भिंतीला हात टेकवला आणि सत्तरी ओलांडलेली माझी आई त्यावर चढली.

ओरडले तर पडेल, म्हणून मी ओरडलेही नाही. कप खाली ठेवून रांगतच गेले आणि स्टुलाचे पाय धरले. वर आईने डबीवर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे ओढले आणि हात जोडले.

"आई! हे काय?"

"काय म्हंजे? घर राखून राहिलंय ते. मिक्सरला इभूत लावते, अन् त्याला न्हाई लावायची?"

"कधीपासून?"

"खंडेनवमीपासून. दर सोमवारी." आई खाली उतरली आणि ओले केस वाळवायला पंखा सुरू केला. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात डबीच बोलली.

मिनिटभरात दादाचा फोन. एकच शब्द. "निघालो."

आई घाबरली. "इभुतीचं सांगून टाकू का त्याला?"

"सांग. पण मग तो विचारेल, हात कसा पोचला?"

दोघींनी स्टुलाकडे पाहिलं. दादाच्या हिशोबात दूध करपणं एक वेळ माफ होतं, पण दर सोमवारी स्टूल? मी ते उचलून काकांच्या आडतीत पोत्यांमागे नेऊन ठेवलं. काकांनी भुवया उंचावल्या. मी म्हटलं, "विचारू नका." मग त्यांचीच शिडी आणून डबी काढली, केसांना रंग लावायच्या नव्या ब्रशने झाडली आणि परत बसवली. आतून निघालेली विभूती आईने कागदात गोळा केली. ती पायाखाली कशी येऊ द्यायची?

दादा संध्याकाळी पोचला. गाडीची मागची सीट रिकामी ठेवली होती, आईच्या ट्रंकेसाठी. चपला न काढताच त्याने शिडी गाठली, डबीच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट पांढरं. माझं झाडणं कमी पडलं होतं.

"ही विभूती आहे. कोणी लावली?"

आईने माझ्याकडे पाहिलं. फार मायेने पाहिलं. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

"हिनं," आई म्हणाली. "खंडेनवमीला आली होती तवा. म्या म्हनलं, नको बाई, यंत्र हाय. ऐकती व्हय? मूठभर थापली. तवापासून आत झडून राहिली."

दादा माझ्याकडे वळला. "तू? शाळेत विज्ञान शिकवतेस ना तू?"

त्याच्या पाठीमागे आई मला हात जोडत होती. मी मान खाली घातली. "चुकलं, दादा."

पुढचा अर्धा तास दादाने मला समजावलं की डबीत प्रकाशाचा किरण असतो, हवेतल्या कणांवर तो विखुरतो, आणि धूर काय, भुकटी काय, डबीला फरक कळत नाही. कॅलेंडरच्या पाठीमागे आकृतीही काढली. हा धडा मी दर वर्षी वर्गात शिकवते. मी चेहरा बावळट ठेवून दोन शंकाही विचारल्या.

अचानक त्याचं पेन थांबलं. "म्हणजे आईने गॅस लावलाच नव्हता?"

"एकदाही नाही."

त्याने पेन खिशात ठेवलं. मग आईला म्हणाला, "मी उगाच तुला..."

"राहू दे रे. हातपाय धू. माझा उपास सुटायचाय."

दुसऱ्या दिवशी गाडी निघाली तेव्हा मागच्या सीटवर फक्त तूरडाळीची पिशवी होती. दादा मला बसस्टँडवर सोडणार होता, म्हणून मी पुढे बसले होते. आई त्याच्या खिडकीशी आली, आत वाकली आणि माझ्यासमोरच त्याला म्हणाली,

"तिला वाटेत लई बोलू नको रे. भोळी हाय ती."