डाव्या कानातली जाऊ

भुतंखेतं, करणी, अंगात येणं — यातलं मी कधी काही मानलं नाही. आमच्या गावात एकीच्या अंगात यायचं. ती नेमकी धुण्याचा ढीग पडला की घुमायची. मी लहान होते तरी मला कळायचं की देवी नाही, कंटाळा आला आहे. आजही मी यातलं काही मानत नाही. पण जे झालं ते झालं आणि ते मी लिहिणार. ज्याला हसायचं त्याने हसावं. मी चौथी शिकले आहे. कागदावर मी लिहिलं, ग्रुपवर शेजारच्या प्रणालीने टाकलं. शुद्धलेखन तिचं, बाकी माझं.

माझं घर नागपूरला, प्रताप नगरात. दोन भावांनी मिळून बांधलेलं. खाली आम्ही, वर मोठे दीर आणि जाऊ. दोघे भाऊ जाऊन पुष्कळ वर्षं झाली. पोरं आपापल्या नोकऱ्यांवर गेली. मग खाली मी, वर ती. गेल्या दिवाळीच्या आधी तीही गेली... दुपारी झोपली ती उठलीच नाही. आता वरच्या मजल्याला कुलूप आहे.

जाऊचं नाव शांता. नाव ठेवणाऱ्याने चेष्टाच केली होती. तिचं तोंड झोपेतही चालू असायचं. रोज दुपारी जेवण झालं की ती खाली यायची आणि आम्ही हॉलमध्ये सोफ्यावर बसून मालिका बघायचो. आता इथे एक गोष्ट नीट वाचा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. माझा डावा कान लहानपणापासून ठार बहिरा आहे. कान वाहायचा, गावात कोणी लक्ष दिलं नाही, गेला. म्हणून ज्याला माझ्याशी बोलायचं असतं तो माझ्या उजवीकडे बसतो. नवरा उजवीकडे बसायचा, मुलगा उजवीकडे बसतो, दारावर आलेला भाजीवालाही उजवीकडे सरकतो. एकटी जाऊ डावीकडे बसायची. मुद्दाम. बसायची आणि पुटपुटत राहायची. मला फक्त तिचे ओठ हलताना दिसायचे, ते पण मान वळवली तर.

मी विचारायची, "काय म्हणून राहिल्या जाऊबाई?"

ती म्हणायची, "काई नाही वं. टीव्ही पाय."

मी समजून गेले होते की बाई मला शिव्या देते. देऊ दे. मला ऐकू येत नव्हतं, तिचं पोट हलकं होत होतं.

आता उजवा कानही कमी झाला. टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो. शेजारच्या मोहोडबाईंनी दोनदा सांगून पाहिलं. एकदा फोनची रिंग ऐकू आली नाही, तर पुण्याहून माझ्या मुलाने, हेमंतने, मोहोडभाऊंना दार ठोकायला पाठवलं. मी आत मजेत शेंगा सोलत होते. तेव्हापासून त्याचं एकच चालू — "आई, घराले कुलूप लाव अन् पुण्याले चाल." पुण्याला त्याचा सातव्या मजल्यावर फ्लॅट आहे. तिथे मी काय करू? गॅलरीत बसून कबुतरं हाकलू? हे घर बांधताना मी विटांवर पाणी मारलं आहे. मी नाही म्हटलं. मग त्याने वायरीविना चालणारे हेडफोन पाठवले आणि सांगितलं, "हे लाव. हे पण नाही जमलं तर माझं ऐकायचं."

प्रणाली मोहोडांची सून. बँकेत आहे. रविवारी आली आणि जोडून दिलं. रिमोटवरून सेटिंगमध्ये जायचं, साउंड उघडायचं, त्यात ब्लूटूथ. इकडे हेडफोनचं बटन दाबून धरायचं, निळा दिवा लुकलुक करतो. मग पडद्यावर नावं येतात, आपलं नाव निवडायचं, ओके. झालं. उजव्या कानात मालिका अशी स्वच्छ आली की मी प्रणालीला म्हटलं, "हे सासू तं माझ्याच खांद्यावर बसून राहिली."

दुसऱ्या दिवशी ते सुटलं. मी म्हटलं, काय मोठं काम आहे, आपण जोडू. पडद्यावर दोन-तीन नावं आली, सगळी इंग्रजीत. मी एक निवडलं. टीव्ही मुका झाला. हेडफोनमध्ये काही नाही. मी बटनं दाबत बसले, तेवढ्यात मोहोडबाई धावत आल्या. "अवं बाप्पा, आमच्या भजनाच्या डब्यातून कोण रडून राहिलं वं?" माझी मालिका त्यांच्या स्पीकरवर गेली होती. त्यांनी नुकताच भजनं लावायला तो चालू केला होता आणि देवासमोर आमची सून हंबरडा फोडत होती. आम्ही दोघी हसून हसून बसलो. हे सांगते कारण तुम्ही पुढे हेच म्हणाल — शेजारचं काही तरी जोडलं गेलं असेल. मीही आधी तेच म्हटलं.

त्याच आठवड्यातली गोष्ट. भर दुपार, पडदे उघडे, बाहेर भंगारवाला ओरडत असावा, कारण त्याची गाडी मला खिडकीतून दिसत होती. मालिकेत नवी सून चहाचा ट्रे घेऊन येत होती. आणि कोणी तरी म्हणालं —

"सांडवते आता. पाय तू."

तिने सांडवला. मला वाटलं मालिकेतलीच कोणी बाई बोलली. पुढे नवरा खोलीत आला तर पुन्हा, "हा कायचा नवरा वं? हा तं दुकानातला पुतळा." मालिकेतल्या बायका असं बोलत नाहीत. त्या पुणेरी बोलतात. मी आवाज कमी केला. मालिका कमी झाली, बोलणं तेवढंच राहिलं. आणि मग मला कळलं की मी ते डाव्या कानाने ऐकते आहे.

ज्या कानाने मला आईची हाक कधी ऐकू आली नाही, त्या कानाने.

"गुंफे," आवाज म्हणाला, "वरणाले फोडणी जळली होती आज."

गुंफा हे माझं माहेरचं नाव. लग्नात आमच्यात मुलीचं नाव बदलतात, ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवं नाव लिहितात. माझं सुमन झालं. सासूबाईंचा कडक हुकूम होता, जुनं नाव घरात घ्यायचं नाही. नवऱ्याने कधी घेतलं नाही. भाऊ मला आक्का म्हणायचे. आईवडील हेमंत जन्मायच्या आधीच गेले. जाऊचं माहेर रामटेकचं, माझं त्याच्याजवळच्या खेड्यातलं, म्हणून तिला ते नाव ठाऊक होतं. सासूबाई नसल्या की ती मला गुंफे म्हणायची. तिच्यानंतर या नावाने हाक मारणारं माणूस जगात उरलं नाही.

आणि फोडणी खरंच जळली होती.

मी हेडफोन काढला. डावीकडे पाहिलं. सोफा रिकामा. लोक अशा वेळी घाबरतात असं मी वाचलं आहे. मला राग आला. मी रिकाम्या सोफ्याला म्हटलं, "जाऊबाई, जिवंतपणी कमी बोलल्या काय, तं आता डब्यातून सुरू केलं?"

उत्तर आलं नाही. जिवंत असतानाही ती माझ्या प्रश्नाचं उत्तर देत नव्हती.

प्रणालीला सांगितलं. ती हसली नाही, हे तिचं चांगलं आहे. म्हणाली, "काकू, डावीकडचा आवाज हाडातून उजव्या कानापर्यंत जात असेल." मी म्हटलं, "मग मालिका काहून नाही जात?" उजव्या कानात कापूस कोंबला, वरून तळहात दाबला. मालिका विहिरीत गेल्यासारखी झाली. जाऊ तशीच. प्रणालीने टीव्हीतून सगळी जोडलेली नावं पुसली, मोहोडबाईंच्या स्पीकरचं बटन बंद केलं, हेडफोन पुन्हा पहिल्यापासून जोडला. तिने स्वतः लावून पाहिला, तिला फक्त मालिका. मी लावला —

"हे पोरगी हुशार आहे वं. हिले सोडू नको."

मी ते प्रणालीला सांगितलं तेव्हा तिचे कान लाल झाले.

तर असं रोज चाललं. आणि मला एक कळलं... ती मला शिव्या देत नव्हती. म्हणजे देत होती, पण सगळ्या शिव्याच नव्हत्या. भाजीत मीठ जास्त, पदर नीट घे, तुझ्या पोराले तुझी काळजी आहे पण अक्कल नाही, तुझ्या हातच्या पुरणाची चव सासूच्या पुरणाले पण नव्हती. एकदा म्हणाली, "उजवीकडून बोलली असती तं भांडली असती तू."

खरं आहे. भांडले असते. पुरणाच्या गोष्टीवरूनही भांडले असते.

आता प्रश्न होता हेमंतला सांगायचं की नाही. सांगितलं तर तो काय करेल हे मला माहीत होतं. पण मी माझ्या घरात बसून खोटं काहून बोलू? फोनवर तो म्हणाला, "हेडफोन कसा आहे?" मी म्हटलं, "चांगला आहे. तुझी मोठी आई बोलते त्यातून."  तो म्हणाला, "काय बोलते?" मी म्हटलं, "तुले अक्कल नाही म्हणते."

त्या शनिवारी तो नागपूरला आला. सोबत परतीची दोन तिकिटं. डॉक्टरची वेळही घेऊन ठेवली होती, पुण्याच्या. कानाचा डॉक्टर नव्हे, डोक्याचा. माझी बॅग त्याने स्वतः भरली. माझी लुगडी त्याने अशी कोंबली की मला बघवत नव्हतं. कोपऱ्यातला माझा पानाचा डबाही त्यात टाकला. दाराजवळ बॅग उभी. गाडी संध्याकाळची.

"आई, मी तुझ्या भल्यासाठी करून राहिलो," तो म्हणाला. "एकटी राहून राहून माणसाले भास होतात."

मी म्हटलं, "बस इथं. डावीकडे नाही, उजवीकडे बस. हा हेडफोन घाल अन् मालिका पाय. तुले काई ऐकू नाही आलं तं मी चुपचाप येते. पुन्हा तोंड नाही उघडणार. ऐकू आलं तं ते बॅग तू उघडायची अन् लुगड्यांच्या घड्या करायच्या."

"आई, हे काय लहान पोरासारखं..."

"घालतो का नाही?"

त्याने घातला. मी त्याच्या शेजारी, बिनहेडफोनची. पडद्यावर बायका तोंडं हलवत होत्या, मला काही ऐकू येत नव्हतं. मी त्याचा चेहरा बघत होते. काही नाही. एक जाहिरात झाली, दुसरी झाली. तो एकदा माझ्याकडे बघून हसला, मुलं म्हाताऱ्यांना हसतात तसं, लाडाने. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. जाऊची नाही, सातव्या मजल्याची. मी मनात म्हटलं, जन्मभर तोंड बंद ठेवलं नाही या बाईने, आणि नेमकी आज बसली गप्प.

मालिका संपत आली. हरले होते मी. शब्द दिला होता, शब्द पाळते मी. उठले. निघायच्या आधी निदान दाराशी जाऊन बॅगेतून माझा पानाचा डबा तरी काढून घ्यावा म्हणून दोन पावलं टाकली.

मागून हेमंत ओरडला. मला ऐकू आलं म्हणजे मोठ्यानेच ओरडला असेल. वळून पाहिलं तर तो उभा होता, हेडफोन गळ्यात ओढलेला, हात डाव्या कानावर.

"आई," तो म्हणाला, "गुंफा कोण आहे?"

 मी म्हटलं, "काय ऐकलं ते पुरं सांग."

"कोणी तरी म्हटलं... कुठी चालली वं गुंफे? बस. संपू दे."

दुपारी मालिका संपायच्या आधी मी पाण्याची मोटर लावायला उठायची. रोज. आणि रोज जाऊचे ओठ हलायचे. तेवढे ओठ मला न ऐकता वाचता यायचे. तेच ती म्हणायची.

"तुझी आई," मी हेमंतला सांगितलं. "गुंफा म्हणजे मी."

 मग नोकरदार माणूस जे करतो ते त्याने केलं, कारणं शोधली. शेजारचा फोन असेल — तर मोहोडांचं घर सकाळपासून बंद होतं, सगळे अमरावतीला लग्नाला गेले होते. मालिकेतलं पात्र असेल — तर मोबाईलवर तोच भाग लावून त्याने पुन्हा पाहिला, त्यात गुंफा नाही, "कुठी चालली" नाही. मग त्याने फोन ठेवला, बॅग उघडली आणि लुगड्यांच्या घड्या करायला बसला. वाईट घड्या केल्या, पण केल्या. संध्याकाळच्या गाडीने एकटा गेला. हेडफोन त्याने पुन्हा घातला नाही. डॉक्टरचं नाव त्यानंतर निघालं नाही, पुण्याचं तर नाहीच.

ते काय आहे हे मला माहीत नाही. प्रणालीला माहीत नाही, हेमंतला माहीत नाही. ग्रुपवर कोणी शिकलेला असेल आणि त्याला वाटत असेल की म्हातारीच्या डोक्यात फरक पडला आहे, तर त्याने आधी हेमंतच्या डोक्यात कोणता फरक पडला ते सांगावं. मी भूत म्हणत नाही. मी आत्मा म्हणत नाही. मी फक्त म्हणते, मी ऐकते. कधी येतो आवाज, कधी दोन-तीन दिवस येत नाही. तेव्हा मी मालिकेच्या मध्येच उठून दोन पावलं टाकते आणि थांबते.

कोणाला खात्री करायची असेल तर यावं. दुपारी यावं, चहा मिळेल. सोफ्यावर बसावं, पण उजवीकडे. डावीकडची जागा मोकळी नाही.