गिलक्याच्या भज्यांचं तेल

हे आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही, आणि तिला तर मी चोरून खाल्लेल्या जिलबीपासून न वाचताच परत केलेल्या पुस्तकांपर्यंत सगळं ठाऊक आहे. सांगतो; पण वळसा घालून सांगेन. सरळ जायचा धीर होत नाही.

धुळ्यात मी सध्या 'जुन्या धुळ्याचा जाणकार' आहे. कुणी नेमलं, ठाऊक नाही. पाडलेल्या टॉकीजवर, उठलेल्या बाजारावर चार शब्द हवे असले की मला बोलावतात. शाल, श्रीफळ, आणि फोटोग्राफर सापडेपर्यंत हारासाठी वाकवून धरलेली मान. मी बोलतो, लोक डोळे पुसतात. जे पाडताना कुणी हूं की चूं केलं नाही, त्याच्यासाठी पंख्याखाली बसून रडणं सोपं असतं. मलाही.

माझं सगळ्यात गाजलेलं भाषण एका टॉकीजवर आहे. तिथे आता मोबाइलची दुकानं आहेत. तेव्हा पत्र्याचं छप्पर होतं, बायकांची वेगळी खिडकी, आणि फाटकाबाहेर युसुफचाचांची भज्यांची गाडी. गिलकं, म्हणजे घोसाळं, तसं भाज्यांतलं बिचारं, घरी केलं तर पोरं तोंड फिरवतात. चाचांच्या कढईतून निघालेल्या गिलक्याच्या भज्यांसाठी मात्र रांग लागायची. मध्यंतर संपल्याची घंटा तिथे दोनदा व्हायची. पहिली वेळेवर, दुसरी, चाचांचा शेवटचा घाणा उतरला, हे डोअरकीपरने बाहेर डोकावून पाहिलं की. नायिका संकटात लटकलेली असली तरी भज्यांसाठी थांबायची. कुणाची तक्रार नसे.

मग मी सांगतो, की टीव्ही आला, व्हिडिओ आला, जिभा बदलल्या, आणि ती गाडी काळाच्या ओघात गेली. इथे टाळ्या पडतात.

काळाचा ओघ — किती सोयीचा, नाही? त्याला नाव नाही, पत्ता नाही.

टॉकीज त्यानंतरही बारा-पंधरा वर्षं चालली. गाडी टीव्हीने उठवली नाही.

मी तेव्हा कॉलेजात शिकवायला नवा होतो आणि इथल्याच एका पेपरात टोपणनावाने चिमटे काढायचं सदर लिहायचो. संपादक सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. एका आठवड्यात लेख बरा जमला, शेवट सुचेना. म्हणून लिहिलं — टॉकीजबाहेरच्या भज्यांच्या तेलाने आतल्या मशीनपेक्षा जास्त पिक्चर पाहिलेत.

एक वाक्य. वाईट नव्हतं, हीच तर अडचण.

आणि ते खोटं होतं. चाचा रोज दुपारी शेंगदाण्याचं ताजं तेल कढईत ओतायचे. आदल्या दिवशीचं उरलेलं एका डब्यात काढून सकाळी बाजाराला येणाऱ्या गाडीवानांना द्यायचे. ते बैलगाडीच्या आखाला घालायचे. कॉलेजला जाताना मी हे शंभरदा पाहिलं होतं. मग का लिहिलं? — शेवट हवा होता म्हणून.

वाक्य गावभर झालं. भुईमूग घेऊन आलेले एक आबा गाडीपाशी उभे राहून सगळ्यांदेखत विचारत होते, "चाचा, तुन्हं तेल कितला पिच्चर देखेल शे?" चाचाही हसले. आधी लोक हसून खायचे. मग नुसतेच हसायला लागले. काहींना तर न खायला निमित्तच हवं होतं. चाचांच्या नावातच ते त्यांना आधीपासून सापडलेलं होतं. मी फक्त त्याला तेल पुरवलं.

मग एका दुपारी चाचांनी मला बाकावर बसवलं. त्यांना उर्दू वाचता यायचं, मराठी नाही.

"सर, हा लिहिणारा कोण, कळेल का?"

"कसं कळणार, चाचा?"

"जाऊ द्या. तुम्ही लिहा एक चिठ्ठी पेपरला. तुम्ही रोज खाता, रोज बघता. तुमच्यासारख्याचं लोक ऐकतील."

मी तिथेच लिहिली. वाचून दाखवली. "गाडीवानांचं टाकलं ना?" "टाकलं." "बस. मग झालं," म्हणाले, आणि माझ्यापुढे गरम भजी ठेवली. मी खाल्ली. माझं ते वाक्य छापलेल्या पेपरच्याच पानात बांधून लोक भजी नेत होते, हे सांगायला नको.

चिठ्ठी मी दिली नाही. संपादक हसला असता: लेखकच लेखकाचं खंडन करतोय! आणि — हे जास्त खरं — स्टाफरूममध्ये लोक ते वाक्य एकमेकांना ऐकवत होते, आणि मी चहाच्या कपात बघत ऐकत होतो. मला ते आवडत होतं. चिठ्ठी पिशवीत राहिली, मग टेबलाच्या खणात, मग फाडली.

"सर, आज आलं का?"

"दिलंय हो. जागा नसेल."

आठ-दहा दिवस रोज. मग त्यांनी विचारणं सोडलं. दिवाळीनंतर गाडी दिसली नाही. नरडाण्याला कुठल्याशा कारखान्यात पोती उचलायला लागले, असं डोअरकीपर म्हणाला. पंचेचाळिशीच्या पुढचा माणूस.

गेल्या महिन्यात जळगावला हेच भाषण केलं. संपल्यावर पन्नाशीच्या एक बाई आल्या. तिथल्याच एका शाळेत शिकवतात. म्हणाल्या, "मी युसुफभाईंची मुलगी. अब्बा जाऊन चार वर्षं झाली. शेवटपर्यंत सांगायचे, सरांनी तर लिहून दिलं होतं, पेपरवाल्यांनीच छापलं नाही. असंच होतं ना, सर?"

आसपास कुणी नव्हतं. संयोजक चहाकडे वळले होते. तो पेपर बंद पडून जमाना झाला, संपादकही गेले. भ्यावं असं कुणी उरलेलंच नव्हतं. पहिल्या वेळी तरुण होतो म्हणावं, तर आता मी एकाहत्तर वर्षांचा आहे.

"हो," मी म्हणालो. "त्यांनीच छापलं नाही."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मी तो धरू दिला.