मी बदललेला शेवट

कोल्हार, मंगळवार, ऑगस्ट १९७३

मैत्रिणींनो, एकीने लिहून दुसरीला टपालाने धाडायची आपली ही फिरती वही दोन महिने माझ्याकडेच पडून राहिली, माफ करा.

रेडिओवरची ती कौटुंबिक मालिका तुम्हीही ऐकताच. कालच्या भागात माहेरी निघून आलेली सून परत सासरी गेली आणि सासूने तिला उंबऱ्यावरूनच परतवून लावलं. भाग चांगला झाला. सासूचा आवाज तर फारच खरा वाटला.

शेजारच्या हौसाबाई दुपारी उसाच्या खुरपणीला असतात, म्हणून प्रत्येक भाग मी त्यांना दुसऱ्या दिवशी सांगते. त्यांची लेक शांता चार महिने सासर सोडून इथेच आहे. आज तीही समोर शेंगा फोडत बसली होती. मला खरं सांगवेना. "सासूनं सुनेला पोटाशी धरलं," असं सांगून मोकळी झाले.

"बग शांते," हौसाबाई म्हणाल्या, "ती सासू तुझ्या सासूपरीस द्वाड हुती, तीबी वळली."

"माझी सासू कुटं रेडू ऐकती, आये?"

"नगं ऐकू दे. उद्या पहिल्या येष्टीनं सोडते तुला."

शांता हसली आणि शेंगा तशाच ठेवून पिशवी भरायला उठली.

मी तेव्हाही गप्पच राहिले. आधी वाटलं होतं, दया केली. खरं तर मी स्वतःचं अवघडणं टाळलं. तुम्ही काय केलं असतं? पण तुमचं उत्तर येईपर्यंत शांता सासरच्या दारात उभी असेल.

उद्या: पहिली एसटी सुटायच्या आत हौसाबाईंना खरा भाग सांगणे.