बसून खाणारी बाई

आमच्या भागात एखादं घर किती मोठं ते ठरवायची सोपी रीत होती. त्या घरची बाई दिवसभर काय करते ते विचारायचं. काहीच करत नसली म्हणजे घर मोठं. "बसून खाते" हे आमच्याकडे कौतुक होतं. आबा, म्हणजे माझे वडील, लग्नाच्या मांडवात, एस.टी.त, केळीच्या ट्रकपाशी, कुठेही हे वाक्य टाकायचे. "आमच्याकडे बसून खातात." ऐकणारा हळहळायचा, कारण त्याची बायको अजून कापूस वेचत असायची. मला तेव्हापासून या वाक्याची चीड होती असं लिहायला आवडलं असतं. पण मीही शाळेत मैत्रिणींना तेच सांगायचे, मान ताठ करून.

माय धुळ्याकडच्या कोरडवाहू गावातली. लग्न होऊन सावद्याजवळ आली तेव्हा आमचंही बेताचंच होतं, म्हणून पहिली वीस-बावीस वर्षं ती शेतात राबली. निंदायची, वेचायची, गवताचा भारा डोक्यावर घेऊन घरी यायची आणि आल्या आल्या कळण्याच्या भाकरी थापायला बसायची. ज्वारीत सालासकट उडीद आणि मीठ घालून दळलं की ते कळण्याचं पीठ. सोबत तिळाची चटणी आणि तांब्याभर ताक. भरलेली घागर ती एका झटक्यात कमरेवर घ्यायची. ती आजारी पडलेली मला आठवत नाही.

ऐंशीच्या दशकात केळीनं हात दिला आणि आमच्या घराला अक्कल सोडून सगळं आलं. स्लॅबचं घर आलं, जीप आली, ओसरीवर पितळी कड्यांची बंगई आली, आणि त्या बंगईवर झोके घ्यायला मायला बसवण्यात आलं. धुण्याला बाई, स्वयंपाकाला बाई. शेताकडे फिरकायचं नाही. भाकरीला तर घरातून हाकलूनच दिलं. "सालदार खातो ते आपण खायचं का?" आबा विचारायचे. मग रोज मऊ पोळ्या, तुपात बुडवलेल्या बट्ट्या, वर गोड काहीतरी. दूध पाहुण्यांच्या चहात जायचं, ताक गड्यांना. खिडक्यांना हिरव्या काचा लावल्या. उन्हात गेलीस तर काळी पडशील, असं आबा मायला सांगायचे. माय जन्मापासून काळीसावळी होती आणि चाळिशी ओलांडून बसली होती.

"मी काय म्हैस शे का, खुट्याले बांधी ठेवाले?" ती एकदा म्हणाली. आबांनी तो विनोद म्हणून महिनाभर पाहुण्यांना ऐकवला.

पाच-सहा वर्षांत तिची कंबर धरू लागली. आधी उठताना, मग बसतानाही. भिंतीला हात लावल्याशिवाय ती उभी राहीना. यावर आमच्या घराण्याचं निदान काय, तर माहेरी तिला लहानपणी फार राबवलं, ते आता निघतंय. सगळ्यांनी माना डोलावल्या. आत्या, काका, गल्लीतले नाना, सगळे त्या एका दिवसात हाडांचे तज्ज्ञ झाले. उपाय अर्थातच आराम. आराम केल्यानं दुखणं वाढलं, की आणखी आराम. तुपाचं प्रमाण वाढवलं, बंगईवर गादी टाकली, पाण्याचा तांब्याही तिच्या हातात द्यायला एक मुलगी ठेवली. केळीचं पान जरा पिवळं पडलं की मातीत काय कमी आहे ते आबा बांधावरून सांगायचे. घड भरला की खोडाला टेकू द्यावा लागतो, हे त्यांना झोपेतही कळायचं. बायको डोळ्यांदेखत वाकत चालली होती, ते मात्र त्यांना सुखाचं वजन वाटत होतं.

आणि मग एके सकाळी माय बंगईवरून उठायला गेली आणि पडली. वीतभर उंचीवरून. मूल पडलं असतं तर हसून उठलं असतं. मायचं मनगट मोडलं, आणि पाठीत अशी कळ गेली की तिला चादरीत उचलून जीपमध्ये घालावं लागलं.

जळगावचे हाडांचे डॉक्टर तरुण होते आणि फार बोलणारे नव्हते. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला, पाठीचा एक मणका दबलाय म्हणाले आणि विचारलं, "या दिवसभर काय करतात?"

"काही नाही!" आबा खुर्चीत ताठ झाले. पैसा आल्यापासून ते शहरात गेले की अगदी पुस्तकी बोलायचे. "आमच्याकडे बसून खातात."

"ते दिसतंय इथे," डॉक्टर एक्स-रेकडे बघत म्हणाले.

आबांना ती शाबासकी वाटली. मी शेजारी उभी होते, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या बापाची लाज वाटली. डॉक्टर सावकाश समजावत गेले. हाडाला वजन पेलायला लागतं, चालणं लागतं, उचलणं लागतं, तेव्हाच ते घट्ट राहतं. दूध-ताक, तीळ, डाळी पोटात जायला हव्यात. आणि ऊन हवं. जळगाव जिल्ह्यात, जिथे चैत्रात छपरावर पापड तासाभरात कडकडीत होतात, तिथे माझ्या मायला उन्हाची कमतरता! वयही कारण आहे, ते म्हणाले, पण सगळं वयावर ढकलू नका. गेलेलं हाड पुरतं भरून येणार नाही, राहिलंय ते टिकवा. हात बरा झाला की रोज चालायचं, उन्हात. "चालल्या तर चालत राहतील. बसल्या तर कायमच्या बसतील."

 बाहेर आल्यावर मायनं माझा दंड धरला आणि विचारलं, "मी चालसू ना वं?" मी हो म्हणाले. मला काय माहीत होतं!

घरी आल्यावर आबांनी जाहीर केलं, की डॉक्टर नवशिका आहे. तरी सल्ला पाळायचा, पण घराण्याला शोभेल असा. चालायचं खरं, पण रस्त्यावर नाही, लोक काय म्हणतील? गच्चीवर चालायचं. दिवसा नाही, शेजारच्या गच्च्यांवरून दिसतं. पहाटे पाचला, अंधारात. ऊन घ्यायला सांगितलेल्या बाईला आमच्या आबांनी सूर्य उगवायच्या आत गच्चीवर फिरवलं आणि उजाडलं की खाली आणून हिरव्या काचांमागे बसवलं. तीन महिने! बसून खाल्लं तर कुबेराचं धनही पुरत नाही म्हणतात. धन आमचं पुरलं, हाडं पुरली नाहीत.

तीन महिन्यांत तिला जिना चढवेना. "पाय मन्हं ऐकत नहीत," ती म्हणायची. मी आबांशी भांडले. त्यांनी मला, कॉलेजात घातली ती चूक झाली, एवढंच उत्तर दिलं.

होळी झाल्यानंतरची गोष्ट. मी सुट्टीत घरी होते. सकाळी नऊचा सुमार असेल, ऊन चटके द्यायला लागलं होतं. माय भिंत धरून बंगईवरून उठली, ओसरीच्या पायऱ्या एकेक करत उतरली आणि फाटकाची कडी काढून बाहेर पडली. मी तिच्या मागे धावले. तिनं मला हात लावू दिला नाही. भर रस्त्यातून, पदर नीट करत, दुकानांच्या ओट्यांना टेकत ती शेताच्या दिशेनं निघाली. सगळी गल्ली दारात आली.

"भाऊ, वहिनी पायी जाऊ राह्यल्या!" कुणीतरी आबांना ओरडून सांगितलं. "गाडी बिघडली का?"

आबा घाईघाईनं आले. रस्त्यावर बायकोशी भांडणं शोभत नाही, हे त्यांना ऐन वेळी आठवलं असावं. त्यांनी बरोबर आणलेली काळी छत्री उघडली आणि मायच्या डोक्यावर धरून तिच्या शेजारून चालू लागले. मालकीण फिरायला निघाली आहे, असं बघणाऱ्यांना वाटावं म्हणून चेहऱ्यावर हसू आणलं होतं. त्या हसण्याची मला किळस आली.

माय थांबली. दम खाल्ला.

"छत्री मिटा," ती म्हणाली. "ऊन लागू द्या आंगले."

आबांनी ऐकलं नसल्यासारखं केलं. तेव्हा तिनं त्यांच्या हातातून छत्री काढून घेतली, मोडून सांधलेल्या मनगटानंच कशीबशी मिटली, तिचं टोक मातीत रोवलं आणि तिच्यावर भार टाकून ती पुढे निघाली. आबा भर उन्हात, रिकाम्या हातांनी, तिथेच उभे राहिले.